गाडीचं बाळंतपण

मे महिना अर्धा सरला तरी फियाट आमच्या दारातच उभी होती, आणि मी रोज सकाळी उठून आधी आभाळाकडे बघत होते. रामनगरात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, कधी त्याच्याही आधी. तोवर गाडी विकली गेली नाही, तर पुढचे चार महिने रोज पहाटे घमेल्यात निखारे काढून मला तिच्याजवळ बसायला लागणार होतं. ते आता माझ्याच्यानं होणार नव्हतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी चढते, कपाटातल्या रेशमी साड्यांना कुबट वास लागतो, आणि छपराच्या पत्र्याची पाच-सहा वर्षांत चाळण होते. अशा गावात एकोणीसशे चौऱ्याहत्तरची गाडी आजही कालच घेतल्यासारखी दिसत असेल, तर ती काही आपोआप दिसत नाही.

आमच्या ह्यांची, म्हणजे यशवंतरावांची, इथे भाताची गिरणी होती. सुपा धरणाच्या कामावरचा एक इंजिनीअर बदली होऊन निघाला, त्याच्याकडून ह्यांनी ही गाडी घेतली, ब्याऐंशीच्या दिवाळीत. दुधी रंग, तांबड्या सीटा, पुढची सीट बाकासारखी सलग आणि गिअर स्टेअरिंगलाच. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे जेवढं बघितलं नव्हतं, तेवढं गाडीकडे पहिल्या दिवशी बघितलं. हे मी रागानं सांगत नाही. राग यायला अंगात जोर लागतो.

पुढच्या श्रावणात प्रियांका झाली. बाहेर धो धो पाऊस, आणि खानापुराहून आलेल्या माझ्या आईनं बाजेखाली शेगडी लावली. निखाऱ्यांवर भाताचा तूस पसरला की जाळ होत नाही, नुसतं आतल्या आत धुमसत राहतं. खोली कोरडी राहते, दुपटी वाळतात. हे दारात येऊन उभे राहिले. पोरीला बघायला आले होते, पण नजर भिंतीवर.

"अगं, सगळ्या घरात बुरशी आलीया. हितं एक ठिपका न्हाई बघ," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गाडीच्या शेडमध्ये घमेलं गेलं. माझं बाळंतपण सव्वा महिन्यात उरकलं. गाडीचं बेचाळीस पावसाळे चाललं.

इथल्या मराठी शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं. पावसाळ्यात पहाटे पाचला उठायचं, करवंट्या पेटवून निखारे करायचे, दोन घमेल्यांत घालून वर तूस पसरायचा. एक घमेलं पुढच्या कोपऱ्यात, एक मागच्या, गाडीपासून दोन हात लांब. मग गाडीची चारही दारं उघडून शेजारी तासभर बसायचं, कारण पेट्रोलच्या गाडीजवळ विस्तव सोडून कुणी जात नाही. मुलांच्या वह्या मी तिथेच तपासल्या. शाळा दोन किलोमीटरवर होती. तिथे मी पावसात चालत जायची, कारण मला सोडायला गाडी काढली असती तर ती भिजली असती.

एकदा आई आजारी पडली म्हणून मी आठ दिवस खानापुराला गेले, तेव्हा गिरणीतल्या परशूकडे हे काम दिलं होतं. त्यानं भसाभसा जाळ केला. मागच्या मडगार्डवर रुपयाएवढा रंगाचा फोड आला. ह्यांनी परशूला असं काही फैलावर घेतलं, की त्यानंतर घमेल्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही.

मग बाबा स्वतः का पेटवत नाहीत, असं प्रियांका मला बेळगावहून फोनवर विचारते. काय सांगू? हे सकाळी आठला उठून फडक्यानं गाडी पुसायचे, महिन्यातून एकदा पॉलिश करायचे, आणि बघायला येईल त्याला सांगायचे, "रोज हात फिरवावा लागतोय." घरात एकदा एखादं काम कुणाचं झालं की ते त्याचंच होऊन बसतं. ह्यांनी कधी मागितलं नाही आणि मीही कधी दिलं नाही. माझीही चूक आहे त्यात. माझ्यासारखं कुणाला जमत नाही, याचा मला थोडा तोरा होता.

गेल्या दिवाळीनंतर मात्र मला विहिरीपर्यंत जाऊन येईतो धाप लागायला लागली. प्रियांकानं बेळगावला डॉक्टरांची वेळ घेतली. हे दवाखान्याच्या दारात गाडीतच बसून राहिले, कुणी ओरखडा काढेल म्हणून. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "स्वयंपाक चुलीवर करता?"

"न्हाई, गॅसवर. पंचवीस वर्षं झाली."

"मग इतका धूर कुठून आला?"

मला सांगायची लाज वाटली. चुलीपायी छाती गेली म्हटलं तर लोक हळहळतात. गाडीपायी गेली म्हटल्यावर काय करतील? कुठून का येईना, डॉक्टर म्हणाले, तो बंद करा. आणखी एक पावसाळा असा काढलात तर घरात ऑक्सिजनचं नळकांडं आणून ठेवावं लागेल.

परतताना मी ह्यांना सांगितलं, "डॉक्टरनं धूर बंद सांगिटलाय."

"आपल्यात ग्यास हाय की," हे म्हणाले. "धूर आनी कुटनं येतोय?"

थट्टा करत नव्हते. खरंच ध्यानात आलं नव्हतं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात लोंढ्याच्या अलीकडे भर रस्त्यात बसलेली म्हैस ह्यांना दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. पंधरा दिवसांनी कळलं, काचबिंदू. एका डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं थोडंफार. गाडी चालवणं बंद. तेव्हा फियाट विकायची ठरली, ती ह्यांच्या डोळ्यांपायी. माझ्या छातीचा विषय म्हशीपाशीच राहिला. मीही तो पुन्हा काढला नाही. गाडी जाणारच आहे तर कशाला बोला, असं वाटलं.

ठरली खरी, पण विकायला मन लागतं. पहिला माणूस धारवाडहून आला. त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला लागला, कुठे गंजलेल्या भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय का ते बघायला. ह्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसरा फोंड्याचा, पैसे घेऊनच आलेला. त्यानं दार धाडकन लावलं.

"ज्येला दार लावता येत न्हाई, त्येला गाडी देऊन काय करू?" तो गेल्यावर हे म्हणाले.

"अवो, दार हाय ते. पोरगी न्हवं."

त्यावर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेवढाच आराम. पण मी रोज कॅलेंडरवरचे दिवस मोजत होते.

तिसरा आला योगेश. खानापूरकडचाच, पस्तिशीचा. गणेशगुडीला नदीकाठी त्याचं पाहुण्यांसाठी लॉज आहे. राफ्टिंगला येणारे लोक लोंढा स्टेशनवर उतरतात, त्यांना जुन्या फियाटमध्ये बसवून जंगलातून आणायचं, अशी त्याची कल्पना. सोबत पुंडलिक नावाचा गाड्यांचा मेस्त्री. योगेशनं चपला बाहेर काढून शेडमध्ये पाऊल टाकलं, आणि ह्यांचा चेहरा एकदम उजळला. मी मनात म्हटलं, हा नेणार.

पुंडलिक गाडीखाली आडवा होऊन बॅटरी मारत होता. "अण्णा, इतक्या जुन्या गाडीचा खालचा पत्रा आसा मी कवा बगिटला न्हाई," तो खालूनच म्हणाला.

"रोज हात फिरवावा लागतोय," हे म्हणाले.

मग पुंडलिकनं दार उघडलं, आत बसला आणि नाक वर केलं. पुन्हा हुंगलं. सीटवर वाकून हुंगलं. उतरून योगेशला बाजूला नेऊन त्याच्या कानाशी काही तरी बोलला. योगेश परत आला तो पडलेलं तोंड घेऊन.

"अण्णा, राग मानू नगासा. गाडी कवा जळलीती काय? आत धुराचा वास येतोय."

"जळली?" ह्यांचा आवाज चढला. "त्या मेस्त्रीला आदी भाईर काड! म्हनं जळली!"

"वास तर हाय की, अण्णा," पुंडलिक म्हणाला. "वायरिंग जळल्याबिगर आत धूर कशाला यील?"

"कसला वास? मला कसा येत न्हाई?"

ते खोटं बोलत नव्हते. ह्यांना तो वास येत नव्हता आणि मलाही नाही. आमच्या गाद्यांना, गोधड्यांना, माझ्या साड्यांना, केसांना, सगळ्या घरालाच तो होता. योगेश पायात चपला सरकवायला लागला. गेला, मला वाटलं. हाही गेला, आणि आता जून येणार.

"जळली न्हाई," मी म्हटलं. "धूर माजा हाय."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मी कोपऱ्यातली घमेली दाखवली, तुसाचं पोतं दाखवलं, करवंट्यांचा ढीग दाखवला. बाळंतिणीची शेगडी कशी असते ते योगेशला माहीत होतं, खानापूरचा तो. मी सांगत गेले तसा तो ऐकत गेला, आणि ऐकता ऐकता त्यानं चपला पुन्हा काढल्या.

"बल्ब लावून ठिवला तर न्हाई चालत काय, आक्का?"

"लाईट आसली तर चालंल की."

तो हसला. धरण आमच्या उशाशी, आणि पावसाळ्यात वीज चार-चार दिवस गायब. गणेशगुडीच्या माणसाला ते मी काय सांगायचं. त्याच्या लॉजमधल्या वेताच्या खुर्च्या दर श्रावणात काळ्या पडतात, दोन वर्षांच्या जीपचा खालचा पत्रा गंजानं खाऊन टाकलाय, असं तोच सांगायला लागला.

"मग अण्णा, घमेली ठिवायची कुटं?" पुंडलिकनं ह्यांना विचारलं. बाप्या माणूस, त्यानं बाप्यालाच विचारलं.

"कुटं म्हंजे? एक इंजनाखाली, एक टाकीखाली."

"आई गं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "टाकीखाली ठिवलं तर लॉज ऱ्हाईल काय जाग्यावर?"

योगेश आणि पुंडलिक खो खो हसले. हे हसले नाहीत. माझ्याकडे मान वळवून बघत राहिले, जेवढं दिसत होतं तेवढं. बेचाळीस वर्षांत पहाटे पाच वाजता हे एकदाही शेडमध्ये आले नव्हते, हे मला माहीत होतं. ते ह्यांना त्या दिवशी कळलं असावं.

योगेशनं घासाघीस केली नाही. ह्यांनी सांगितलेला आकडा तसाच कबूल केला. मला इतकं हलकं वाटलं, की मी चहा टाकायला वळले. तेवढ्यात तो म्हणाला, "पर एक हाय, आक्का. नदीकाठची ओल लई वंगाळ. एवढा पावसाळा तुमी आमच्याकडं ऱ्हावा. खोली देतो, जेवान देतो, वर तुमी म्हनशीला ते. पुडच्या वर्सापतोर मी शेड पक्की करून घेतो, मग तुमाला तरास न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात बॉनेटवर फिरत होता.

"यील की ती," हे म्हणाले. "चार म्हयन्याचा तर परश्न."

असं काही कानावर आलं तर मी पेटून उठेन, असं मला वाटायचं. तसं झालं नाही. मी गाडीच्या उघड्या दारात, सीटच्या कडेवर टेकले. हात पुसलेत का, पदर ओला आहे का, असं ह्यांनी मला न विचारता मी त्या सीटवर बसल्याचा तो पहिलाच दिवस. मला खूप वाईट वाटलं, आणि तेही नीट वाटून घ्यायला दम पुरत नव्हता.

"मी न्हाई जानार," मी म्हटलं. "डॉक्टरनं धूर बंद सांगिटलाय."

"त्यो चुलीचा," हे म्हणाले.

"चूल हाय कुटं आपल्यात? ह्यो धूर. ह्यो, हितला, तुमच्या गाडीचा. आनी एक पावसाळा काडला तर नाकाला नळी लावावी लागंल."

योगेश खाली बघायला लागला. पुंडलिक उगाच बाहेर जाऊन उभा राहिला. ह्यांचा हात बॉनेटवरच होता, पण आता तो हलत नव्हता.

"मग तवाच का न्हाई सांगिटलीस?"

"सांगिटलं. म्हस आडवी आली."

मग हे योगेशकडे वळून म्हणाले, "तम्मा, ऱ्हाऊ दे मग. न्हाई हुईत ह्यो ब्यापार."

"हुईल," मी म्हटलं. "तुमी जावा."

"मी? मला दिसतंय कुटं?"

"बगायचं काम न्हाई त्यात. हाताचं काम हाय. मी शिकीवते."

योगेशनं ह्यांना शिकायला दहा दिवसांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी ह्यांना उठवलं. वर्गात कच्च्या मुलाला पुढच्या बाकावर बसवायची माझी पद्धत. ह्यांना घमेल्यासमोर पाटावर बसवलं आणि नाकातोंडावर ओला पंचा बांधायला लावला. तो मी स्वतः कधी बांधला नव्हता, मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी दहा हात लांब, वारा जिकडून येत होता त्या बाजूला खुर्ची टाकून बसले.

करवंट्या पेटवणं ह्यांना दोन दिवसांत जमलं. तूस पसरताना आधी मुठी मुठी टाकायचे, की निखारे गुदमरून विझायचे. मी तिथूनच ओरडायची, "शेनी थापताय काय? भुरभुरा!" गिरणीवाला माणूस, उभ्या हयातीत तुसाच्या ढिगात वावरलेला, पण तो जळतो कसा ते ह्यांना माहीत नव्हतं.

मग ऊब ओळखायची. हीच खरी खुबी. घड्याळ धुरात दिसत नाही, म्हणून मी शाळेतल्या बाईला सुचेल तेच माप केलं होतं. "हाताची पाठ घमेल्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला धरायची आनी बेचा पाढा म्हनायचा. बे दाही वीसपतोर हात टिकला तर बरोबर. आदीच काडावा लागला तर वर आनी तूस घालायचा."

"बे एके बे," ह्यांनी सुरू केलं. बे पाचे दहाला हात ओढला. तूस घातला. पुन्हा धरला, बे सक बाराला ओढला. आणखी तूस. पुन्हा बे सक बाराच.

"लई तापलंय गं."

मी पदर नाकाला लावून उठले, हात धरला, अख्खा पाढा म्हटला. "बरोबर तर हाय. तुमीच नाजूक."

ह्यांनी माझा हात पकडला. खेचून आपल्या चांगल्या डोळ्यासमोर अगदी जवळ नेला. हाताच्या पाठीवर एक लव नाही, कातडं तपकिरी आणि टाचेसारखं जाड. तो हात रोज ह्यांना जेवायला वाढत होता. अंगठ्यानं घासून बघितलं.

"हितं कळतंय काय तुला?"

"थोडं."

ह्यांनी हात सोडला आणि पंचा वर ओढला. पंचा डोळ्यांपर्यंत गेला होता, तो तसाच राहिला. माझंही तेव्हाच लक्षात आलं, की ते माप जगाचं नव्हतं, माझ्या एकटीच्या हाताचं होतं. "तुमी बे सक बाराच धरा," मी म्हटलं. "तेवडीच ऊब हुत्या ती."

जूनच्या आधी दोन दिवस गाडी गेली. पुंडलिकनं चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ वाढवला. हे एक कापडी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर, चालवायला बसलेल्या पुंडलिकच्या शेजारी बसले. त्या जागेवर एरवी मी बसायची. जाताना म्हणाले, "दार सावकाश लाव." ते पुंडलिकला म्हणाले की मला, कळलं नाही. हे माझ्यासाठी गेले की गाडीसाठी, हेही मी स्वतःला विचारलं नाही. विचारून काय करणार होते? त्या दुपारी मी तीन तास झोपले.

प्रियांका येऊन आठ दिवस राहिली. पाऊस धरायच्या आत तिनं गाद्यांच्या खोळी, गोधड्या, माझ्या साड्या, पडदे, सगळं काढून धुतलं. भिंतींना चुना दिला. माझ्या केसांना तिनं दोनदा शिकेकाई लावली, लहान मुलीला घालावं तसं मला न्हाऊ घातलं. मग पाऊस लागला. कपाटात बुरशी आली, चपलांवर आली, देवघरातल्या तसबिरीच्या मागे आली. येऊ दे, म्हटलं. मी सात वाजता उठत होते. जुलैत एक दिवस विहिरीवर जाऊन भरली कळशी घेऊन परत आले, आणि ओसरीवर आल्यावर ध्यानात आलं, की आज मध्ये थांबले नाही.

हे फोन करायचे, पण गाडीचंच बोलायचे. आज इतके पाहुणे बसले, आज अमक्यानं फोटो काढला, आज पुंडलिकनं कार्बोरेटर साफ केला. पंचा बांधताय ना, मी विचारायची. व्हय व्हय, म्हणायचे.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी दुपारच्या बसनं घरी आले. मी ओसरीवर खुर्चीत बसून फरसबी मोडत होते. हे छत्री मिटून पायऱ्या चढले, माझ्या अंगावरून आत गेले, आणि आतून हाक मारली, "अगं, कुटं हाईस?"

"हितंच तर हाय. पुढ्यातनं गेलासा की."

बाहेर आले, तसेच उभे राहिले. मग सदरा काढला आणि खुंटीला लावला. मी पाणी द्यायला म्हणून उठले, खुंटीजवळून जाताना थबकले. धुराचा वास. सदऱ्याला, पिशवीला, ह्यांच्या अंगाला. कुणी परकं माणूस घरात आल्यासारखं वाटलं. बत्तीस वर्षं मी असा वास घेऊन वर्गात उभी राहायची, आणि पोरं काही बोलायची नाहीत.

"वास येतोय न्हवं?" ह्यांनी विचारलं.

"येतोय की. केवडा!"

हे बाकावर बसले. पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला नाही, हातातच धरला.

"तितं गेल्यावर चार-पाच दिसांनी रातच्याला सदरा काडला," हे म्हणाले, "आनी मला वाटलं, तूच आलीस. दाराकडं बगिटलं मी. कोन न्हवतं." हातातला तांब्या फिरवला. "धूर म्हून कवा कळालाच न्हाई. तुज्याजवळ दाट यायचा, मला वाटायचं, त्यो तुजाच वास हाय. अंगाचा. डोळं गेल्यापासनं त्येच्यावरच वळखायचो मी तुला, घरात कुटं हाईस ते. आता तुला त्यो येत न्हाई. मगाशी तुज्याजवळनं गेलो, वळखूच आली न्हाई बघ."

इतकी वर्षं ज्याच्यावर कधी मनातून, कधी उघड चिडत आले, तो माणूस आंधळ्यासारखा माझ्याच घरात मला शोधत होता. मला त्याची कीव आली, आणि त्याच्यावर रागही आला, आणि पहिल्यांदाच राग यायला अंगात जोर होता.

"माजा न्हवता त्यो," मी म्हटलं. "तुमच्या गाडीचा हुता."

"व्हय," हे म्हणाले. "आता कळालं."

मी खुंटीवरचा सदरा काढला.

"नगं धुऊस त्यो," हे म्हणाले. "ऱ्हाऊ दे आसाच."

मी धुतला. भरपूर साबण लावून, दोन पाण्यांतून काढला आणि माजघरातल्या दोरीवर टाकला. मग हात पुसत बाहेर आले, ह्यांच्या शेजारी बाकावर बसले, आणि ह्यांना कळावं म्हणून म्हटलं, "मी हाय."